उजेड कुणाच्या तोंडावर
(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कवितेवर बोलणार म्हणून कुणी आलं असेल तर त्यानं चहापर्यंत थांबावं. तेव्हा दोन म्हणून दाखवीन. आत्ता मला फोटोवर बोलायचंय. बँड स्टेजवर उभा आहे, गायन पार्टी रंगात आलीय, समोर माणसं डोलताहेत, आणि आपलाच एक पोरगा कॅमेरा नाहीतर मोबाईल घेऊन पुढं घुसलाय. तो काय टिपतो? कुणाला उजेडात आणतो आणि कुणाला काळोखात ठेवतो? विषय एवढाच. दिसतो बारका, पण त्यात आपलं बरंच काही अडकलंय.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. फोटोग्राफीच्या कोर्सला लागतात तेवढे पैसे आमच्या घरात एकरकमी कुणी बघितलेले नाहीत. कॅमेरा सेकंडहँड, त्याला पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स. पण उजेडाचं म्हणाल तर ते मला रात्रपाळीनं शिकवलं. गोदीतला दिवा उंच खांबावर असतो. उजेड डोक्यावर ओततो. कपाळ चमकतं, नाकाचा शेंडा चमकतो, आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. शेजारी काम करणारा माणूस ओळखायचा तर चालीवरून, नाहीतर शिवीवरून. स्टेजचा दिवाही तसाच वरून मारलेला असतो. म्हणून फोटो काढताना मी पहिल्यांदा एकच बघतो, माणसाचं तोंड कधी वर होतं. गाणारा वरच्या पट्टीला गेला की हनुवटी उचलतो, आणि त्या एका क्षणाला उजेड त्याच्या डोळ्यांत शिरतो. ढोलकीवाला समेवर येताना गायकाकडं बघतो, तेव्हा त्याच्याही डोळ्यांत शिरतो. तेवढ्यात बोट दाबायचं. हे पुस्तकात असेल-नसेल, मला माहीत नाय.

आता तुमचे मोबाईल काढा आणि मागच्या चौदा एप्रिलचे फोटो बघा. पहिला फोटो हाराचा. दुसरा शालीचा. तिसरा नारळाचा. चौथ्यात पाहुणे एकमेकांच्या कानात बोलताहेत. गायन पार्टी कुठाय? आहे, एका फोटोत आहे, पाहुण्याच्या खांद्यामागं अर्धी पेटी दिसतेय. जी माणसं संध्याकाळपासून मैदान धरून बसली, ज्यांच्यासाठी बायाबापड्या पोरं कडेवर घेऊन आल्या, ती गेली कुठं? ढोलकीवाल्याची बोटं फुटलेली असतात, त्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली असते. ती चिकटपट्टी कुणी टिपली? हलगी शेकायला स्टेजमागं कागद पेटवतात, त्या जाळाच्या उजेडात हलगीवाल्याचं तोंड तांब्यासारखं दिसतं. असा उजेड लाखाच्या स्टुडिओत मिळत नाय. तिकडं आपला एकही पोरगा फिरकत नाही, कारण तिकडं पाहुणे नसतात.

बरं, ज्यांनी पार्टीचे फोटो काढलेत त्यांचेही बघू. मागं पंधरा फुटी फ्लेक्स. त्यावर नेत्याचं तोंड, उपनेत्याचं तोंड, वाढदिवसवाल्याचं तोंड, त्यावर हॅलोजन. हल्ली फ्लेक्सच्या जागी एलईडीची भिंत असते. पुढं गाणारा. फोटोत फ्लेक्स झक्क आलाय आणि गाणारा कोळसा. हा तुमच्या कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र आडमुठं असतं. समोर जे काय असेल त्याची सरासरी काढून ते सगळ्याला मधल्या करड्या रंगावर आणायला बघतं. मागं लखलखाट असला की ते म्हणतं, बाबा उजेड फार झाला, कमी कर. कमी केला की विझतो कोण? पुढं उभा असलेला, सावळा माणूस. उलट काळ्या पडद्यापुढं एकाच्या तोंडावर फोकस असला की यंत्र म्हणतं काळोख फार, वाढव. मग त्याच्या तोंडाचा चुना होतो. दोन्ही वेळेला यंत्राला माणूस दिसत नाही, सरासरी दिसते. तेव्हा यंत्राचं ऐकायचं नाही. मोजमाप ‘स्पॉट’वर ठेवा, म्हणजे ते मधल्या टिंबाएवढीच जागा मोजतं. टिंब गाणाऱ्याच्या गालावर धरा. गाल सावळा असेल तर यंत्रानं सांगितलेल्यापेक्षा उजेड थोडा कमी करा, नाहीतर ते त्यालाही करडा करून टाकील. फ्लेक्स पांढराफटक पडतो? पडू दे. मोबाईल असेल तर बोट गाणाऱ्याच्या तोंडावर टेकवा आणि सूर्याचं चिन्ह वरखाली ओढून जमवा. नेत्याचं तोंड उडालं म्हणून कुणी बोंबललाच तर सांगा, साहेब गात नव्हते.

ह्या काळोखाशी ज्यानं जन्मभर झटापट केली त्या माणसाची ओळख करून द्यायची तर न्यूयॉर्कला जावं लागेल. हार्लेम ही तिथली काळ्यांची वस्ती. तिथं १९१९ साली रॉय डीकराव्हा जन्मला. आई जमैकाहून आलेली, एकटीनं पोर वाढवलं. त्याला चित्रकार व्हायचं होतं. पोटासाठी जाहिरातींची चित्रं काढायचं काम करायचा आणि संध्याकाळी, सुट्टीला कॅमेरा घेऊन हिंडायचा. १९५८ पर्यंत त्याचं असंच चाललं होतं. (पाळी करून लिहिणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावं.) १९५२ साली त्याला गुगेनहाइमची शिष्यवृत्ती मिळाली. फोटोग्राफीसाठी ती मिळवणारा तो पहिला काळा माणूस. १९५५ साली लँग्स्टन ह्यूज ह्या कवीबरोबर त्यानं हार्लेमच्या घरादारांचं पुस्तक केलं. पण मला सांगायचंय ते त्याच्या जॅझच्या फोटोंबद्दल.

जॅझ म्हणजे काळ्या माणसांचं संगीत, वाजायचं तळघरातल्या क्लबांत. दिवे मंद, धूर, दाटी. डीकराव्हा तिथं छोटा पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा हातात धरून उभा राहायचा. फ्लॅश मारायचा नाही. स्वतःचा दिवा आणायचा नाही. जेवढा उजेड त्या खोलीत आहे तेवढ्यातच फोटो. जॉन कोल्ट्रेनचे, बिली हॉलिडेचे, एल्विन जोन्स ह्या ड्रमवाल्याचे फोटो त्यानं असे काढले. १९५० सालचा एक फोटो एडना स्मिथचा आहे. बाई बास वाजवायची, म्हणजे बँडमधलं ते वाद्य जे सगळ्यांना पेलून धरतं आणि ज्याच्याकडं कुणी बघत नाही. तिचा फोटो काढावासा वाटणं ह्यातच त्या माणसाची नजर कळते.

त्याचे फोटो पहिल्यांदा बघितले की माणूस म्हणतो, हे काय, दिसत तर काहीच नाही. जरा थांबावं लागतं. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळा सरावतो तसं होतं. मग काळ्यातून एक काळा वेगळा होतो. कोटाचा काळा निराळा, केसांचा निराळा, गालाचा निराळा. घामाची एक रेघ दिसते. डार्करूममधलं काम तो स्वतः करायचा आणि छापताना उजेड वाढवायचा नाही. लोकांना सोयीचं व्हावं म्हणून काळ्या माणसाला धुऊन काढायचं त्यानं नाकारलं. आपल्या अंधाराला ‘गडद’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना तो म्हणत असावा, बस जरा, बघायला शीक. (हे माझे शब्द, त्याच्या तोंडी घालू नका.)

त्याच क्लबांत दुसरी तऱ्हाही होती. हर्मन लिओनार्ड म्हणून फोटोवाला होता. तो आपले दिवे लावायचा, एखादा वादकाच्या पाठीमागं. धूर पांढरा उजळायचा, माणसाच्या कडा चांदीच्या व्हायच्या. १९४८ साली रॉयल रूस्ट क्लबात त्यानं काढलेला डेक्स्टर गॉर्डनचा फोटो जगभर भिंतींवर लागलाय. हातात सॅक्सोफोन, वर सिगरेटच्या धुराचा ढग. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू? पण त्यात गॉर्डन देवासारखा दिसतो, आणि डीकराव्हाच्या फोटोतला वादक पाळी करणाऱ्या माणसासारखा. काम करताना दिसतो. दमलेला दिसतो. मी दमलेल्याच्या बाजूचा.

ह्या जॅझच्या फोटोंचं डीकराव्हानं १९६०च्या सुमारास पुस्तक बांधलं. वादकांच्या फोटोंना लागून हार्लेमचे जिने, गल्ल्या, कामकरी माणसं, आणि स्वतःच्याच कवितेच्या ओळी. नाव दिलं ‘द साउंड आय सॉ’, म्हणजे मी पाहिलेला आवाज. प्रकाशक मिळाला नाही. पुस्तक निघालं २००१ साली, तेव्हा त्याचं वय ८१. चाळीस वर्षं ते हस्तलिखित घरात पडून होतं. २००९ साली तो वारला. ज्यांच्या कवितासंग्रहाला दोन वर्षं प्रकाशक मिळाला नाही म्हणून इथं रडगाणं चाललंय, त्यांनी हा हिशेब मांडून बघावा.

आणि तो एकटाच नव्हता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या काळ्या फोटोवाल्यांनी ‘कामोइंगे’ हे मंडळ केलं. नाव आफ्रिकेतल्या किकुयू भाषेतलं, अर्थ एकत्र मिळून काम करणारी माणसं. डीकराव्हा त्याचा पहिला प्रमुख. पुढं ह्या मंडळात मिंग स्मिथ ही पहिली बाई आली. तिनं १९७८ साली सन रा ह्या बँडवाल्याचा फोटो काढला, त्यात तो चमचमत्या कपड्यांत हललेला, पसरलेला दिसतो. फोटो हलला म्हणून फेकून देणाऱ्यांनी तो बघावा. हलगीवाल्याचा फोटो काढताना शटर पंधराव्या हिश्श्यावर आणा. छाती, तोंड जागेवर राहील आणि हात धुरासारखे होतील. हात दिसले नाहीत तरी ठोका दिसतो. दहातले आठ फोटो वाया जातील. जाऊ देत, फिलमचा जमाना संपला, पैसे पडत नाहीत.

फिलमवरून आठवलं. रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबला कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. तिला ‘शर्ली कार्ड’ म्हणत, पहिल्या मॉडेलच्या नावावरून. लॅबवाला त्या बाईची कातडी बरोबर दिसेपर्यंत यंत्र जुळवायचा आणि मग सगळ्या जगाचे फोटो त्याच मापानं निघायचे. काळ्या-गोऱ्या पोरांचा वर्गातला फोटो काढला की गोरी पोरं नीट, काळ्या पोरांचे दात आणि डोळे तेवढे दिसायचे. आयांनी तक्रारी केल्या. सुधारणा झाली १९७०च्या दशकात, आणि त्याला जोर लावला कुणी? चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी. त्यांच्या जाहिरातीत डार्क चॉकलेट नि मिल्क चॉकलेट सारखंच दिसायचं, लाकडाचा पोत उठायचा नाही. माणसाच्या तोंडासाठी जे झालं नाही ते टेबलाच्या पायासाठी झालं.

तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेतलं, जुनं. मग तुमच्या खिशातल्या मोबाईलचा ‘ब्युटी मोड’ उघडून बघा. शाहिराचा फोटो काढा आणि दोन्ही ताडून बघा. गाल गुळगुळीत, रंग दोन हात उजळ. ज्या माणसानं उन्हात उभं राहून आयुष्य काढलं, त्याला तुमच्या मोबाईलनं लग्नाच्या पत्रिकेवर छापण्याइतका गोरा केला, आणि तुम्ही तोच फोटो ‘जय भीम’ लिहून पुढं पाठवला! आपण रंगाच्या उतरंडीवर भाषणं ठोकतो आणि खिशात हे यंत्र बाळगतो. ते बटण बंद करा. २०२१ साली गूगलनं पिक्सेल ६ मध्ये ‘रिअल टोन’ म्हणून सोय आणली, गडद कातडी खरी दिसावी म्हणून. चांगलं झालं. पण बटण बंद करायला नवा मोबाईल लागत नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्यातल्या काहींना ती झोंबेल. निळा रंग. जयंतीच्या स्टेजवर हौसेनं सगळे एलईडी निळे करतात. रंग आपला आहे, कबूल. पण नुसत्या निळ्या एलईडीत कॅमेऱ्याला बाकीचे रंग मिळतच नाहीत. तोंडावरचा सगळा बारकावा जातो, सुरकुती जाते, घाम जातो, निळ्या चिखलाचा गोळा उरतो. लाल दिव्याचंही तेच. फोटो काढून झाला असेल तर तो काळापांढरा करून बघा, थोडं वाचतं. पण त्याआधी लाईटवाल्याकडं जा, त्याला चहा पाजा आणि म्हणा, दादा, निळा मागच्या पडद्यावर ठेव, पुढून एक साधा पिवळा दिवा गाणाऱ्यांवर दे, आणि कोरसवरही दे. बहुतेक वेळा तो देतो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. मंडपातल्या स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात, तिथं शटर शंभराव्या नाहीतर पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवा. आपली वीज पन्नास सायकलची, दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, त्याच्याशी मेळ बसला की पट्टे जातात.

मोठ्या हॉलातल्या बँडांची कथा निराळी. गिरण्या बंद झाल्या आणि लोअर परळला त्यांच्या आवारात बार आले, गाण्याचे हॉल आले. मथुरादास मिलच्या कंपाउंडात २००७ साली ब्लू फ्रॉग उघडलं, २०१६ साली ते बंद झालं. जिथं आपल्या बापजाद्यांनी साचे चालवले तिथं गिटारी वाजल्या. वाजू देत, गिटारीशी आपलं भांडण नाही. मी अशा हॉलांत जातो, बँडचे फोटो काढतो. एका हॉलच्या दारावर मला कामगारांच्या दरवाज्यानं आत जा म्हणाले. मी म्हटलं, बरोबर ओळखलंत, मी कामगारच आहे, पण आज कॅमेऱ्यावर. शेवटी पुढूनच गेलो.

तिथं आत जगभर चालणारा एक कायदा असतो. पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद. स्टेज आणि कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत फोटोवाल्यांना उभं करतात आणि तीन गाणी झाली की हाकलतात. फ्लॅश बंद हे मला पटतं, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत वीज मारू नये. पण तीन गाण्यांत काय होतं? कपड्याची इस्त्री मोडलेली नसते. घाम चौथ्या गाण्याला येतो. म्हणजे मालकाला जसं दिसायचंय तेवढंच दिसलं की कॅमेरा बाहेर.

त्यावर आणि करारनामा. २०१५ साली अमेरिकेत फू फायटर्स ह्या बँडनं फोटोवाल्यांपुढं कागद ठेवला. फोटो आमच्या परवानगीनं, एकदाच छापायचा, आणि त्याची मालकी आमची. वॉशिंग्टन सिटी पेपर ह्या साप्ताहिकानं सही करायला नकार दिला आणि सांगितलं, आम्ही प्रेक्षकांकडून फोटो विकत घेऊ. कॅनडातल्या क्वेबेकच्या ‘ल सोलेय’ ह्या वर्तमानपत्रानं तर त्यांच्या कार्यक्रमाला चित्रकार पाठवला आणि फोटोच्या जागी रेखाटनं छापली. हे मला फार आवडलं. गोदीत कंत्राटाचे कागद मी बघितलेत, त्यामुळं असल्या कागदाचा वास लांबून येतो. सही करण्याआधी वाचा. फुकट फोटो मागणाऱ्याला विचारा, दिवेवाल्याला पैसे दिले का? स्पीकरवाल्याला दिले? मग मला ‘नाव होईल’ कशाला सांगतोस?

आपल्या मैदानावर तीन गाण्यांचा कायदा नाही. हे आपलं केवढं मोठं भाग्य! दहाला पोलीस येऊन माईक बंद करेपर्यंत, परवानगी असेल तर बारापर्यंत, तुम्ही स्टेजच्या कडेला बसू शकता. मग पहिल्या गाण्याला चार फोटो काढून पावभाजीच्या गाडीवर का जाता? बसा. शेवटच्या गाण्याला गायिकेचा आवाज फाटतो आणि तरी ती पदर खोचून वरचा सूर धरते. मागच्या कोरसवाल्या पोरी एकमेकींकडं बघून हसतात, कारण त्यांना माहीत असतं तो सूर आज लागेल की नाही. पेटीवाल्याच्या मांडीवर पोरगं झोपलेलं असतं. ते सगळं तिथं असतं, उशिरा.

चेन्नईत ६ जानेवारी २०१८ ला ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड पहिल्यांदा स्टेजवर आला. सिनेमावाले पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी उभा केलेला. नाव अयोत्तिदास पंडितांच्या ‘जातीविना तमिळ’ ह्या विचारावरून घेतलेलं. स्टेजवर एकोणीस जण. गाना गाणारे, रॅप करणारे, गिटार, ड्रम, आणि त्यांच्या ओळीत पराई. पराई म्हणजे तिकडची हलगीच समजा, मयताला वाजवायला लावलेली, वाजवणाऱ्याला बाटवलेली. ती तिथं गिटारीच्या बरोबरीनं उभी राहिली. आता असल्या बँडचा फोटो काढायचा तर कसा? पुढच्या गायकाच्या तोंडात लेन्स घालून काढलात तर एक नट हाती लागेल. पण एकोणीस जण एका ओळीत उभे करण्यामागं जो विचार आहे तो फोटोतून निसटला. तेव्हा बाजूला या. कडेनं बघा. कडेवरून ओळ दिसते, एकामागं एक तोंडं दिसतात, पराईची काठी पुढं येते. पायरीवर, खुर्चीवर, कुणाच्या खांद्यावर चढा, पण जागा बदला. स्टेजवर चढता आलं तर पाठीमागून काढा, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या पाठी आणि समोरची माणसं एकाच फोटोत येतात.

भीमराव कर्डकांनी जलसे गाजवले आणि १९७८ साली त्यांच्यावर पुस्तकही लिहून ठेवलं. वामनदादा २००४ पर्यंत गात होते. त्यांच्या मागं जे वाजवायला, झील धरायला उभे राहिले त्यांतल्या कितींची नावं तुम्हाला सांगता येतील? फोटो सापडतात तर खाली लिहिलेलं असतं ‘व इतर’. हे ‘व इतर’ म्हणजे आपण. लिहिणाऱ्यांनी आपल्याला ‘व इतर’मध्ये ढकललं ह्याची तक्रार आपण रोज करतो. मग आपल्या हातातल्या कॅमेऱ्यानं तेच करायचं?

म्हणून फोटो काढून झाल्यावर वही काढायची. पार्टीतल्या प्रत्येकाला नाव विचारायचं. टोपणनाव नको, पूर्ण नाव, गाव किंवा वस्ती, वाद्य. तारीख, मैदान. फोटो टाकताना सगळी नावं टाकायची, डावीकडून उजवीकडं. साउंडवाल्याचंही विचारायचं, तो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो. कुणी म्हणालं माझा टाकू नका तर टाकायचा नाही. कामावर साहेबानं बघितला तर भानगड होईल अशी माणसंही आपल्यात गातात. आणि बरे आलेले दोन-तीन फोटो कागदावर छापून त्यांच्या घरी पोचवायचे. मोबाईल फुटला की सगळं जातं, कागद भिंतीवर राहतो. मी आजवर सव्वीस घरी पोचवलेत. एका ढोलकीवाल्या काकांनी फोटो बराच वेळ धरला आणि म्हणाले, माझे हात असे दिसतात व्हय? मग त्यांनी बायकोला हाक मारली.

आता ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी पुढं या, स्पॉट मीटर कुठं असतो ते दाखवतो. मोबाईलवाल्यांनी आधी ते ब्युटीचं बटण शोधा.